नवी मुंबई कोरियांनीच बांधली का?

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. ‘नवी मुंबई चार्ल्स कोरियांनी वसवली’ असं इथे जो तो सांगतो. मग आमच्या खिडकीसमोर उभे राहिलेले हे मनोरेही त्यांचेच का? दुसरं असं, की पेडर रोडवरची श्रीमंतांची ‘कांचनजंगा’ आणि बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधली बैठी कौलारू घरं एकाच माणसाने काढली, हे काही पटत नाही. आर्किटेक्ट हा घर काढणारा असतो की शहर काढणारा?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत अडकल्या आहेत. सोपी आधी सोडवू. समोरचे मनोरे कोरियांचे नाहीत. नवी मुंबई वसवण्यासाठी सरकारने काढलेल्या सिडको या महामंडळाचे मुख्य वास्तुविशारद म्हणून ते १९७० ते १९७४ एवढाच काळ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराचा आराखडा केला. त्यातल्या एकेका भूखंडावर काय उभं राहायचं, हे भूखंड घेणाऱ्याने, त्याच्या आर्किटेक्टने आणि दर काही वर्षांनी बदलणाऱ्या एफएसआयच्या (भूखंडाच्या किती पट बांधकाम करायचं, त्या प्रमाणाच्या) नियमांनी ठरवलं. तेव्हा खिडकीतून येणारा वारा अडला असेल, तर त्याचा राग कोरियांवर काढू नका.

आता मधली शंका : श्रीमंतांचा मनोरा आणि साध्या माणसांची बैठी घरं एकाच हातची कशी? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कोरियांचं कुटुंब मूळचं गोव्याचं. जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकून ते अमेरिकेला गेले; आधी मिशिगन विद्यापीठ, मग एमआयटी. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड होतं, आणि ते मोठेपणीही सुटलं नाही. रूळ कुठून कुठे न्यायचे, सांधा कुठे बदलायचा, हे कागदावर आखता आखताच आपण या धंद्यात आलो, असं ते सांगत. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं.

त्या वेळी अमेरिकेत आधुनिक इमारत म्हणजे काचेची पेटी, असं समीकरण होतं. आत यंत्राने गारवा करायचा, बाहेर ऊन असो की बर्फ, फरक पडत नाही. भारतात ही पेटी आणली तर काय होईल? काचेतून ऊन आत येणार, आत भट्टी होणार, ती थंड करायला वीज लागणार, आणि त्या काळी वीज आणि वातानुकूलन दोन्ही महाग. म्हणजे यंत्राने करायचं काम इमारतीच्या आकारानेच करायला हवं : सावली कुठे पडेल, वारा कुठून शिरेल, गरम हवा कुठून बाहेर जाईल, पावसाचं पाणी कुठे उतरेल. कोरियांची पुढची सगळी कारकीर्द या चार प्रश्नांभोवती फिरली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पहिलं उत्तर साबरमतीला दिसतं. गांधी स्मारक संग्रहालयाचं काम आलं तेव्हा ते तिशीच्या आतले होते. १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. इमारत म्हणजे सहा मीटर बाय सहा मीटरचे चौरस एकाला एक जोडत नेलेले. काही भिंतींनी बंद, काही नुसते छपराखाली, काही आभाळाला उघडे, आणि मध्ये पाण्याचं कुंड. विटांच्या भिंती, वर कौलं, खाली दगडी फरशी. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांची झडपं आहेत. हवी तेवढी उघडावीत. तिथे गेलात तर मान वर करून तुळया बघा. काँक्रीटच्या या तुळया पन्हळीच्या आकाराच्या आहेत. छपराचा भारही त्याच पेलतात आणि छपरावरचं पाणीही त्याच वाहून नेतात. शिवाय चौरस सुटे असल्यामुळे उद्या आणखी दोन खोल्या लागल्या, तर इमारतीचं रूप न बिघडवता जोडता येतात.

त्याच सुमारास गुजरात गृहनिर्माण मंडळाने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरांची स्पर्धा घेतली. कोरियांचं ‘ट्यूब हाउस’ पहिलं आलं. घर साडेतीन-चार मीटर रुंद आणि अठरा मीटर लांब, एखाद्या बोगद्यासारखं. छप्पर उतरतं. गरम हवा हलकी, ती त्या उताराने वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते. तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. पंखा नसला तरी हवा खेळती राहते. हे नमुन्याचं घर पुढे पाडलं गेलं. त्यातली युक्ती मात्र कोरियांनी निरनिराळ्या रूपांत जन्मभर वापरली.

आता कांचनजंगा. मुंबईत पश्चिमेला तोंड करून राहावं असं सगळ्यांना वाटतं, कारण समुद्र तिकडे आणि वारा तिकडून. पण दुपारचं ऊनही तिकडूनच येतं आणि आषाढातला आडवा पाऊसही. जुन्या बंगल्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता : घराभोवती व्हरांडा फिरवायचा. ऊन-पाऊस व्हरांड्यात थांबतो, आतली खोली कोरडी राहते. पण अठ्ठावीस मजल्यांच्या इमारतीला व्हरांडा गुंडाळायचा कसा? कोरियांनी इमारतीचे कोपरेच कापले आणि तिथे दोन मजले उंचीच्या बागा ठेवल्या. प्रत्येक घर पूर्व-पश्चिम आरपार आहे, म्हणून एका बाजूने शिरलेला वारा दुसऱ्या बाजूने निघतो. इमारत पायाशी अवघी २१ मीटर बाय २१ मीटर, आणि घरं ३२. पेडर रोडवरून मान वर केलीत की पांढऱ्या भिंतीत जे खोल रंगीत कोनाडे दिसतात, त्या या बागा. अनेकांना तो सजावटीचा भाग वाटतो. खरं तर तो बंगल्याचा व्हरांडाच, आभाळात टांगलेला. १९७० मध्ये सुरू झालेलं काम १९८३ मध्ये पुरं झालं. ती इमारत उभी राहील याचं गणित अभियंता शिरीष पटेल यांनी केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात झालं. इथे पैसा थोडा होता, पण प्रश्न तेच चार. सात घरं घ्यायची आणि आठ मीटर बाय आठ मीटरच्या चौकाभोवती बसवायची. अशा तीन चौकांचा मिळून एक मोठा चौक. असे मोठे चौक जोडत गेलं की वस्ती. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे ज्याला जास्त परवडतं आणि ज्याला कमी, त्यांच्यात फरक फार नाही. दोघेही एकाच चौकात दार उघडतात. सर्वांत महत्त्वाचं, दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही. शेजाऱ्याची परवानगी न काढता आपल्या भूखंडावर खोली चढवता येते. घराची रचनाही अशी, की गावातल्या गवंड्याला ती कळावी.

लोकांनी मग खोल्या चढवल्याच. आज तिथे गेलात तर मूळची कौलारू घरं फार थोडी दिसतील. बहुतेकांच्या जागी दोन-तीन मजली स्लॅबची घरं आहेत. म्हणून काही जण हा प्रयोग फसला असं म्हणतात. मला हे पटत नाही. घर वाढावं म्हणूनच भिंती सुट्या ठेवल्या होत्या; ते वाढलं, हे अपयश कसं? सगळ्यांनाच स्लॅब का हवी झाली, कौल का नको झालं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर आर्किटेक्टपेक्षा शेजारच्या काकूंना जास्त नीट ठाऊक असेल. चौक मात्र बरेचसे टिकून आहेत. वाळवणं, सायकली, होळी, सत्यनारायण, सगळं तिथे चालतं.

इथे वाचकांच्या मनात एक आक्षेप हमखास येतो : बैठी घरं ही चैन आहे, जमीन थोडी आणि माणसं फार, तेव्हा उंच बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. हा समज इतका पक्का आहे, की त्याचा हिशेब कुणी मांडून बघत नाही. आपण मांडू. समजा, माणशी घरात १० चौरस मीटर जागा लागते, आणि रस्ता, शाळा, दवाखाना, मैदान यांसाठी माणशी आणखी १० चौरस मीटर जमीन. एफएसआय १ असेल तर घराखाली १० आणि बाकी १०, एकूण २०. एफएसआय २ केला तर घराखालची जमीन ५ होते, एकूण १५. एफएसआय ४ केला तर घराखाली अडीच, एकूण साडेबारा. ८ केला तर एकूण सव्वाअकरा. पहिल्या दुपटीत ५ चौरस मीटर वाचले, दुसऱ्या दुपटीत अडीच, तिसऱ्या दुपटीत सव्वा. मजले चढत जातात तशी बचत निम्मी-निम्मी होत जाते. खर्च मात्र लिफ्ट, पंप, पोलाद आणि खोल पायाच्या रूपाने वाढतच जातो, आणि घर बांधणं गवंड्याच्या हातून सुटून मोठ्या ठेकेदाराच्या हाती जातं. मुळात बाकीच्या सोयींचे १० चौरस मीटर सोडलेच नाहीत, तर गणित अर्थातच वेगळं येतं. आपल्याकडे बहुधा तेच होतं.

शिवाय आपल्या हवेत उघडी जागा ही अर्धी खोलीच असते. वर्षातले आठ महिने माणूस अंगणात, ओट्यावर, गच्चीवर बसतो, निजतो, कुरडया वाळत घालतो. ती जागा काढून घेतली तर तेवढ्याच कामांसाठी घरात खोली वाढवावी लागते, आणि खोलीला पैसे पडतात. गरिबाला अंगण देणं म्हणून स्वस्त पडतं. कोरियांचं हे म्हणणं मला त्यांच्या सगळ्या इमारतींपेक्षा मोलाचं वाटतं.

राहिली मूळ शंका, शहराची. मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी. कचेऱ्या दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला सरकत चाललेली. सकाळी सगळी माणसं एका दिशेला, संध्याकाळी उलट दिशेला. १९६४ मध्ये मुंबई महापालिकेच्या विकास आराखड्याची चर्चा सुरू असताना तिघांनी वेगळी सूचना मांडली : चार्ल्स कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि आपले मघाचे शिरीष पटेल. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ नियतकालिकाने १९६५ मध्ये ती छापली. सूचना अशी, की वाढ उत्तरेला ढकलत बसू नका, खाडी ओलांडून पूर्वेला न्या. तिथे नुसती घरं नकोत, कामधंदाही न्या. आणि सर्वांत आधी राज्य सरकारने स्वतः तिकडे जावं. यामागचा तर्क सरळ आहे. घरं बांधली की शहर होतं हा भ्रम आहे. काम जिथे असतं तिथे माणूस कसाही जाऊन राहतो. काम नसेल तर चांगलं घरही रिकामं पडतं. मंत्रालय हललं की त्याच्यामागे वकील, दलाल, हॉटेलं, छापखाने, सगळे हलणार होते.

सरकारने सूचना तत्त्वतः मान्य केली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन अधिसूचित झाली. कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले आणि नियोजनाची सूत्रं पटेलांकडे आली. आगगाडीच्या मार्गावर ठरावीक अंतराने वस्त्या ओवायच्या, म्हणजे कुठल्याही घरापासून स्टेशन चालत गाठता येईल, अशी कल्पना. त्या वस्त्यांना तेव्हापासून ‘नोड’ म्हणतात. तुमचं नेरूळ त्यातलाच एक.

मग घोडं कुठे अडलं? सरकार स्वतः गेलं नाही. खाडीपलीकडे शहर आखलं जात असतानाच अलीकडे नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून नव्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या. १९८१ मध्ये नवं विधान भवनही तिथेच झालं. बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन आलं, म्हणजे विभागीय कचेऱ्या. घाऊक बाजार तेवढे हलले : कांदा-बटाटा, फळं, भाजी, मसाले तुर्भे-वाशीला, पोलाद कळंबोलीला. ज्या रेल्वेवर नोड ओवायचे होते ती मानखुर्दहून वाशीला पोहोचली १९९२ मध्ये, कोरिया सिडको सोडून गेल्यानंतर अठरा वर्षांनी. तोवर जे आले ते खाडीपुलावरून बसने आणि ट्रकने.

दुसरी अडचण पैशाच्या गणितातच होती. शेतजमीन सरकारने घ्यायची, रस्ते-पाणी करायचं, मग भूखंड चढ्या भावाने विकून पुढच्या कामाला पैसा उभा करायचा. कल्पना हुशारीची होती : जमिनीची वाढलेली किंमत खासगी खिशात न जाता शहराच्या कामी येणार. पण जमिनीचा भाव चढण्यातच ज्या संस्थेचं हित आहे, ती स्वस्त घरांसाठी किती जीव टाकेल, हेही उघड आहे. आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाती जे पडलं ते फारच थोडं होतं. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेल पट्ट्यात मोठं आंदोलन झालं, पोलीस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मूळ आराखड्याच्या सुंदर नकाशांत या गावांचं काय होणार याचा विचार मला तोकडा वाटतो. हा दोष आराखडा करणाऱ्यांकडेही जातो.

तेव्हा ‘कोरियांनी वसवली’ या वाक्याची फोड अशी : कल्पना तिघांची, आराखडा सिडकोतल्या मोठ्या चमूचा, निर्णय मंत्र्यांचे, किंमत शेतकऱ्यांची. इमारतीला एक मालक असतो. त्याला नकाशा पटला की ती बहुतांशी नकाशाबरहुकूम होते. शहराच्या नकाशाला असा एक धनी नसतो. आर्किटेक्ट शहर काढू शकतो, पण ते अमलात आणणं त्याच्या हातात नसतं. कोरिया दोन्ही कामं करत राहिले. घरात ते बहुधा जिंकले, शहरात बहुधा हरले.

प्रश्न : कोरियांचे शहराबद्दलचे आणखी कोणते बेत कागदावर राहिले?

उत्तर : पुष्कळ. माझा आवडता बेत १९६८ चा, दादाभाई नौरोजी रोडचा. तिथल्या कमानींखालच्या पदपथावर दिवसा फेरीवाले आणि रात्री झोपायला येणारे बेघर, दोघांची गर्दी. त्यांना हाकलण्याऐवजी कोरियांनी सुचवलं, की पदपथाच्या रस्त्याकडच्या कडेला अरुंद ओटा बांधा, ठरावीक अंतरावर नळ ठेवा. दिवसा फेरीवाल्यांनी ओट्यावर बसावं, म्हणजे कमानींखालून चालणाऱ्यांना वाट मोकळी. संध्याकाळी ओटा धुवायचा. रात्री त्यावर माणसं निजतील, रस्त्याच्या धुळीपासून जरा वर. झालं काहीच नाही. फेरीवाल्यांवरून अजून तोच वाद तिथेच चालू आहे.

दुसरा बेत गिरणगावचा, आणि तो फसल्याची किंमत मुंबई रोज मोजते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. मध्य मुंबईतली सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली. १९९१ च्या नियमांत साधारण वाटणी अशी होती : एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या) घरांना, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये राज्य सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्र विचार केला. कारण प्रत्येक गिरणीने आपापला तृतीयांश तुकडा सोडला, तर शहराला मिळतात रुमालाएवढी पटांगणं; सगळे तुकडे नकाशावर सरकवून एकत्र आणले, तर मोठं मैदान मिळतं आणि सलग रस्ताही. अहवाल फडताळात गेला. २००१ मध्ये नियमच बदलला : वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त जी आधीपासून मोकळी आहे तिची. गिरणीच्या आवारात शेडच शेड, मोकळी जागा असणार किती? प्रकरण न्यायालयात गेलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला. लोअर परळ स्टेशनच्या जिन्यावर सकाळी नऊ वाजता जी गर्दी होते, तिचं एक कारण हे.

राजीव गांधींनी नेमलेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचेही कोरिया अध्यक्ष होते. अहवाल १९८८ मध्ये आला. महानगरांवरचा भार कमी करायचा तर मध्यम आणि लहान शहरांत पैसा आणि कामधंदा न्या, हा त्याचा गाभा. त्याचंही फारसं काही झालं नाही.

प्रश्न : कोरियांच्या इमारतींचं तोंडभर कौतुक होतं, मग त्यांनीच काढलेल्या पणजीच्या कला अकादमीची अशी दुर्दशा का?

उत्तर : आधी ती काय आहे ते सांगतो. कांपाल भागात मांडवीच्या काठी १९७३ ते १९८३ या काळात ही वास्तू झाली. मुद्दाम बुटकी ठेवलेली. रस्त्यावरून मांडवाखाली शिरायचं आणि तिकीट न काढता, कुणाला न विचारता थेट नदीपर्यंत चालत जायचं. आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. त्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवले, त्यामुळे खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सज्जे हाउसफुल्ल.

२०१९ मध्ये ही इमारत पाडण्याच्या हालचाली सुरू झाल्या, त्याला विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मग दुरुस्ती ठरली. आणि जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. त्या एका घटनेचं खापर कुणावर फोडायचं, हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण काँक्रीट अमर असतं हा समज तेवढा सोडून द्या. समुद्राजवळ खारी दमट हवा काँक्रीटच्या बारीक फटींतून आत शिरते, आतल्या सळया गंजतात. गंजलेलं लोखंड फुगतं, फुगून वरचं काँक्रीट फोडतं, फट मोठी होते, आणखी दमट हवा आत. म्हणून अशा इमारतीची डागडुजी दरवर्षी थोडीथोडी करायची असते. आपल्या सार्वजनिक इमारतींना फीत कापायला पैसे मिळतात, गच्चीची गळती थांबवायला मिळत नाहीत.

प्रश्न : कोरियांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं होतं ना?

उत्तर : नाही. ते मिळालेले पहिले भारतीय बाळकृष्ण दोशी, जन्माने पुण्याचे, २०१८ मध्ये. कोरियांना पद्मश्री (१९७२), ब्रिटिश वास्तुविशारदांच्या शाही संस्थेचं सुवर्णपदक (१९८४) आणि पद्मविभूषण (२००६) मिळालं. आपली हजारो रेखाटनं त्यांनी त्याच ब्रिटिश संस्थेच्या संग्रहाला दिली. परदेशातलं त्यांचं गाजलेलं उशिराचं काम लिस्बनचं : ज्या तागुस नदीच्या मुखातून वास्को द गामाची जहाजं निघाली, त्याच काठी एका गोवेकराने २०१० मध्ये वैद्यकीय संशोधन केंद्र बांधलं. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

प्रश्न : मुलांना घेऊन बघता येतील अशी त्यांची कामं जवळपास कोणती?

उत्तर : बेलापूर स्टेशनहून रिक्षा करून सेक्टर ८ ला जा, पारसिक टेकडीच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. तिथे लोक राहतात, तेव्हा चौकांतून फिरा, पण दारांतून डोकावू नका आणि फोटो काढण्याआधी विचारा. पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात आयुका. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही खगोलशास्त्राची संस्था. मध्ये कुंड, भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे, आणि पृथ्वी फिरते हे डोळ्यांना दाखवणारा फुकोचा लंबक. एरवी तिथे परवानगी काढावी लागते. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, सगळ्यांना प्रवेश असतो, पण रांग मोठी लागते, सकाळीच पोहोचा. कांचनजंगात शिरायला मिळणार नाही, ती समोरच्या पदपथावरूनच बघावी. आणि दादरला गोखले रोडवरून जाणार असाल, तर पोर्तुगीज चर्चची सत्तरच्या दशकातली नवी इमारत कोरियांचीच; प्रार्थनेची वेळ टाळलीत तर आतूनही निवांत बघता येईल.